डावात प्रत्येकाची पाळी : संवेदक क्रीडाकक्ष आणि सामूहिक खेळ

(वार्षिक सर्वसाधारण सभेत बालपुनर्वसन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)





संस्थेच्या एका स्नेही कुटुंबाने आमच्या विभागासाठी संवेदकांवर चालणारा क्रीडाकक्ष उभारून देण्याची इच्छा विश्वस्त मंडळाकडे व्यक्त केली आहे. हा देकार स्वीकारावा किंवा कसे, आणि स्वीकारल्यास त्या कक्षाचे स्वरूप कोणते असावे, याविषयी विभागाने आपले मत मांडावे, अशी सूचना मंडळाने केली. त्यानुसार आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. आमचे मत प्रारंभीच सांगतो. कक्ष अवश्य व्हावा. परंतु एका वेळी एका मुलाने वापरण्याचे यंत्र, असे त्याचे स्वरूप नसावे. तीन-चार मुलांनी एकत्र खेळण्याची ती जागा असावी. या दोन कल्पनांमध्ये किती अंतर आहे, आणि ते अंतर आपल्या मुलांच्या दृष्टीने का महत्त्वाचे आहे, हे सांगण्यासाठी थोडा वेळ मागून घेतो.

संवेदक म्हणजे ज्याला व्यवहारात आपण सेन्सर म्हणतो. हात पुढे केला की पाणी सोडणारा नळ किंवा माणूस जवळ आला की आपोआप उघडणारे दार, हे त्याचे रोजच्या पाहण्यातले रूप. क्रीडाकक्षात हेच तत्त्व खेळासाठी वापरले जाते. छताला प्रोजेक्टर बसवून जमिनीवर तळ्याचे चित्र पाडतात. शेजारी बसवलेल्या कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाशात मुलांची हालचाल दिसते. मूल चित्रावर पाऊल टाकते, तसे पाण्यावर तरंग उठतात आणि मासे पळतात. काही ठिकाणी जमिनीत दाब ओळखणाऱ्या फरशा असतात. पाय पडला की त्या उजळतात. काही ठिकाणी कॅमेरा खोलीतील प्रत्येक बिंदूचे अंतर मोजतो आणि त्यावरून खांदा, कोपर, गुडघा कोठे आहे याचा अंदाज बांधतो. अंगावर काही बांधावे लागत नाही, हातात काही धरावे लागत नाही. ज्या मुलाची बोटे मिटलेली राहतात, त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे लगोरी असो, लंगडी असो वा शिवणापाणी, लहान किंवा अशक्त मुलाला खेळात घेण्याची एक जुनी रीत आहे. त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणतात, कोठे ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी बाद धरला जात नाही. ही रीत मुळात मायेची आहे. धाकट्या भावाला खेळाबाहेर ठेवू नये म्हणून मोठ्यांनी काढलेली ती वाट आहे. धाकटा भाऊ दोन-तीन वर्षांत मोठा होतो आणि खरा गडी बनतो. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेले, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेले किंवा स्वमग्न मूल दहाव्या वर्षीही कच्चा लिंबूच राहते. त्याच्या धावण्याने डाव जिंकला जात नाही आणि त्याच्या चुकण्याने हरलाही जात नाही. पुढे पुढे त्याला हाक मारण्याचेही राहून जाते, आणि ते ओट्यावर बसून इतरांचा खेळ पाहू लागते.

आमच्या विभागाचे काम बहुतांशी एकास एक चालते. एक मूल, एक उपचारक, एक चटई. स्नायू सैल करणे, तोल सांभाळणे, पाऊल उचलणे, हे शिकवण्यासाठी तसेच करावे लागते आणि त्याला पर्याय नाही. परंतु जे मूल येथून दहा पावले चालत घरी जाते, त्याला ती दहा पावले कोणाबरोबर टाकायची, हा प्रश्न चटईवर सुटत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम प्रत्येक बालकाचा खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी असे म्हटले आहे, आणि दिव्यांग मुलांनाही हीच शिफारस केली आहे. एकट्याने, भिंतीकडे तोंड करून, रोज तासभर हालचाल कोणते मूल करील? सवंगडी असले म्हणजे तो तास सरलेला कळतही नाही.

अशा कक्षांचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकेतील मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ नावाची रचना केली. वेगवेगळ्या खोल्यांत उभ्या असलेल्या माणसांच्या सावल्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने एकाच पडद्यावर आणल्या जात. क्रूगर यांच्या ध्यानात आले की, पडद्यावर एकाच्या सावलीचा दुसऱ्याच्या सावलीला स्पर्श झाला की माणसे प्रत्यक्ष स्पर्श झाल्याप्रमाणे अंग मागे घेतात. सावली असली तरी ती कोणाची तरी आहे, ही जाणीव सुटत नाही. या क्षेत्रात माणसांच्या परस्पर वर्तनाचा अभ्यास अशा निरीक्षणांपासून सुरू झाला, असे म्हणता येईल.

पुढे १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एरन बॉबिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘किड्सरूम’ नावाची खोली तयार केली. ती मुलाच्या निजण्याच्या खोलीसारखी सजवलेली होती. तिच्या दोन भिंती म्हणजे मोठे पडदे होते, कॅमेरे वर टांगलेले होते, आणि एका वेळी चार मुलांपर्यंत तेथे खेळता येई. गोष्ट सांगणारा आवाज मुलांना खोलीतून अरण्यात, अरण्यातून नदीवर आणि नदीवरून राक्षसांच्या देशात घेऊन जाई. नदीच्या प्रसंगी पलंग हीच नाव. सर्वांनी पलंगावर बसून हातांनी वल्ही मारायची. समोर खडक आला तर योग्य त्या बाजूने वल्हवायचे. येथे कॅमेरा कोणत्या मुलाने किती जोर लावला हे मोजत नव्हता. नावेच्या डाव्या आणि उजव्या बाजूला हालचाल किती आहे, एवढेच तो पाहत होता. त्यामुळे एकाचा हात अशक्त असला तरी नाव अडत नव्हती, आणि त्याने मारलेले वल्हे वायाही जात नव्हते. ही गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. यंत्राने सर्वांची हालचाल एकत्र मोजली, तर अशक्त मूलही नावेतला खरा नावाडी ठरते. प्रत्येकाचे गुण वेगळे मांडले, तर तेच मूल यादीत शेवटी दिसते. खोली तीच, मुले तीच. हिशेब कसा मांडायचा यावर सारे ठरते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. चार मुले एका खोलीत सोडली म्हणजे ती एकत्र खेळतीलच ना? अनुभव तसे सांगत नाही. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या खेळाचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणी एकटे खेळते. कोणी नुसते पाहत राहते. कोणी दुसऱ्याच्या शेजारी बसून तसलाच खेळ खेळते, पण त्याच्याशी खेळत नाही. याला त्यांनी समांतर खेळ म्हटले. त्यापुढे देवाणघेवाणीचा खेळ येतो, आणि शेवटी कामे वाटून घेऊन एका हेतूने केलेला सहकार्याचा खेळ. हे वर्गीकरण हातात घेऊन एखाद्या मोठ्या दुकानातील चमकत्या जमिनीवर खेळणारी मुले पाहावीत. चार मुले उड्या मारत असतात, आनंदाने ओरडत असतात, आणि तरीही बहुतेक वेळा प्रत्येक जण आपापला मासा तुडवत असतो. दुरून तो घोळका दिसतो. प्रत्यक्षात ते चार समांतर खेळ असतात. त्यातले एक मूल उठून गेले तरी उरलेल्या तिघांच्या खेळात काहीही बदलत नाही. आपल्या देणगीदारांच्या पैशांतून असा कक्ष उभा राहिला, तर छायाचित्र उत्तम येईल, पण ओट्यावरचे मूल ओट्यावरच राहील.

मग मुलांचा गट बांधला जावा म्हणून काय करता येते? जगात यावर पुष्कळ विचार झाला आहे. त्यातील तीन उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण स्पेनमधील बार्सिलोना शहराचे. २००४ मध्ये तेथे भरलेल्या संस्कृतींच्या जागतिक मेळ्यात नार्सिस पारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वॉटर गेम्स’ नावाचे कारंजे रचले होते. एकट्या मुलाने कितीही उड्या मारल्या तरी ते उडत नसे. कारंजाभोवती हातात हात घालून कडे करायचे आणि सर्वांनी मिळून गोल फिरायचे, म्हणजे पाणी उसळे. आपल्या मंगळागौरीच्या खेळांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. फुगडी एकटीने घालता येत नाही. समोरचीचे हात घट्ट धरावेच लागतात. या रचनेत सहकार्य हा नियमच आहे. तिचा लाभ असा की, अनोळखी मुलालाही हात देण्यावाचून गत्यंतर नसते. तिची अडचण अशी की, ज्या मुलाला कोणी हात धरलेला सोसत नाही, त्याची तेथे कुचंबणा होते.

दुसरे उदाहरणही त्याच शहरातील, पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील आहे. ‘लँड्स ऑफ फॉग’, म्हणजे धुक्याचा प्रदेश, या नावाचा हा खेळ स्वमग्न मुलांसाठी तयार झाला आणि २०१६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जमिनीवर सहा मीटर व्यासाच्या वर्तुळात धुके पसरलेले असते. दोन मुले, एक स्वमग्न आणि एक तशी नसलेली, फुलपाखरे धरण्याच्या जाळीसारखे साधन हाती घेऊन त्यात फिरतात. जाळी जेथे जाते तेथे धुके विरळ होते आणि खालचा प्रदेश दिसू लागतो. मुले किडे पकडतात, त्यातून प्रत्येकाला एक सोबती प्राणी मिळतो, आणि दोन्ही मुले जवळ आली की त्यांचे प्राणीही एकमेकांना प्रतिसाद देतात. एकट्याने फिरायला मोकळीक आहे, पण दोघांनी मिळून फिरल्यास अधिक गंमत आहे. येथे सक्ती नाही, ओढ आहे. ज्या मुलाला दुसऱ्याजवळ जाण्याचे धैर्य जमवायला वेळ लागतो, त्याला हा खेळ तेवढा वेळ देतो.

तिसरे उदाहरण नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे, आणि आपल्या शिवाशिवीचेच. छतावरील संवेदक प्रत्येक खेळाडूचा माग काढतात आणि त्याच्या पायांभोवती जमिनीवर प्रकाशाचे वर्तुळ पाडतात. ज्याच्यावर राज्य असते त्याच्या वर्तुळाचा रंग वेगळा. दोन वर्तुळे एकमेकांत शिरली की शिवले गेले असे समजायचे. अंगाला हात लावावा लागत नाही, ढकलाढकल कमी होते. यात संशोधकांनी पुढची पायरी अशी आणली की, चपळ खेळाडूचे वर्तुळ यंत्राने मोठे करायचे, म्हणजे तो शिवला जाणे सोपे होते. आणि जो वारंवार पकडला जातो त्याला लहान वर्तुळाचा आधार द्यायचा. कच्च्या लिंबाला आपण नियमांतून सूट देतो. येथे नियम सर्वांना सारखेच आहेत, त्याच्यावरही राज्य येते. फरक भरून काढण्याचे काम वर्तुळे करतात. चाकाच्या खुर्चीतील मुलासाठी हे वर्तुळ कसे ठेवावे, याचा विचार आपल्या कक्षात करता येईल.

या तीन वाटांपैकी एकच निवडावी असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या मुलांचा गट आहे ते पाहून नियमाचे सहकार्य, ओढीचे सहकार्य किंवा चढाओढीतील समतोल यांपैकी योग्य ते निवडता आले पाहिजे. ते निवडणार कोण? यंत्राला ते कळणार नाही. मुलांना नावानिशी ओळखणारे माणूस तेथे उभे असले पाहिजे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

यंत्राला काय दिसत नाही हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आणलेले ‘किनेक्ट’ हे उपकरण जगभरच्या पुनर्वसन विभागांत पोहोचले. त्याच्या पहिल्या आवृत्तीला समोरची सहा माणसे ओळखता येत, परंतु सांध्यांसह संपूर्ण हालचाल फक्त दोघांची टिपता येई. म्हणजे तिसरे मूल खोलीत असूनही खेळात नाही. एक मूल दुसऱ्याच्या मागे गेले की ते कॅमेऱ्याच्या दृष्टीआड होते. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण अशी की, ज्या मुलाला आई मागून काखेत धरून उभे करते, त्या दोघांची शरीरे अशा कॅमेऱ्याला सहज वेगळी करता येत नाहीत. आईचा हात मुलाचा समजला जातो, किंवा दोघेही ओळखले जात नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांना कोणीतरी धरल्यावाचून उभे राहता येत नाही. सुदृढ, एकेकट्या उभ्या असलेल्या माणसांसाठी तयार केलेल्या यंत्राला आईचा आधार हा अडथळा वाटतो. आपल्या कक्षात तो आधार गृहीत धरलेला असावा. म्हणून केवळ सांधे शोधणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबू नये, दाब ओळखणाऱ्या फरशा आणि वरून पाहणारा कॅमेरा यांची जोड द्यावी, आणि किती हालचालीला प्रतिसाद द्यायचा याची मर्यादा प्रत्येक मुलासाठी आमच्या कर्मचाऱ्यांना सहज बदलता यावी, अशी विनंती आम्ही करीत आहोत. एका मुलाने मान वळवली तरी दिवा लागावा. दुसऱ्याने पूर्ण पाऊल टाकल्यावाचून लागू नये.

खेळणाऱ्यांइतकाच पाहणाऱ्यांचाही विचार व्हावा. इंग्लंडमध्ये हॅरी ब्रिग्नल आणि इव्हॉन रॉजर्स यांनी २००३ मध्ये समारंभांत ठेवलेल्या मोठ्या पडद्यांभोवती लोक कसे वागतात याचे निरीक्षण मांडले. प्रथम लोक दुरून पाहतात, मग जवळ येऊन आपसात बोलतात, आणि संकोच सुटल्यावरच पुढे होतात. जेथे कोणी आधीच रमलेले आहे तेथे आणखी माणसे ओढली जातात. आपल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून थांबलेली कुटुंबे आपण पाहतो. कक्षाला बंद दार असेल तर ती बाहेरच राहतील. ओसरीच्या बाजूची भिंत अर्धी उघडी ठेवली, बसायला बाक ठेवले, तर आजी पाहील, धाकटी बहीण पाहील, आणि बहीण थोड्या वेळाने आपणहून आत येईल. भावंडांसाठी आठवड्यातून काही वेळ राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कारण घरी गेल्यावर हे मूल आमच्याशी खेळणार नाही, भावंडांशी खेळणार आहे.

हा विषय मुलांपुरता मर्यादित नाही, हेही नमूद करतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हेस्टर अँडेरीसेन ल रिश यांच्या संशोधनातून ‘टोव्हरटाफेल’, म्हणजे जादूचे टेबल, तयार झाले आणि २०१५ पासून ते तेथील वृद्धालयांत वापरात आले. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसे टेबलाभोवती बसतात. वरून टेबलावर फुले, पाने, चेंडू अशी चित्रे पडतात आणि हात फिरवताच ती हलतात. दिवसभर खुर्चीत निश्चल बसणारे माणूस शेजाऱ्याकडे चेंडू ढकलते, हा त्याचा हेतू आहे. मुलांचा कक्ष दुपारी रिकामा असतो. त्या वेळी वरच्या मजल्यावरील वृद्ध रुग्ण तेथे येऊ शकले, तर एकाच देणगीचा लाभ दोन पिढ्यांना होईल.

आता विश्वस्त मंडळापुढे सावधगिरीच्या काही गोष्टी ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

हा कक्ष म्हणजे चमत्कार नव्हे. पक्षाघात झालेल्या प्रौढ रुग्णांसाठी संगणकीय खेळ व आभासी वास्तव यांचा उपयोग किती होतो, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्णांचा विचार झाला होता. हाताच्या कार्यक्षमतेसाठी हे उपाय नेहमीच्या उपचारांहून सरस ठरल्याचे त्यात दिसले नाही; मात्र नेहमीच्या उपचारांना जोड देऊन एकूण सरावाचा वेळ वाढवल्यास लाभ होऊ शकतो, असा निष्कर्ष निघाला. हा आढावा प्रौढांविषयीचा आहे, तरी त्यातला बोध आम्ही घेतला आहे. चटईवरचे उपचार चालूच राहतील. कक्ष त्यांची जागा घेणार नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्र मालिकेतील लाल-निळ्या झपाट्याने लुकलुकणाऱ्या दृश्यानंतर सुमारे ६८५ जणांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्यांत बहुसंख्य मुले होती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांना अपस्माराचाही विकार असतो. म्हणून एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारा कोणताही प्रकाश आपल्या कक्षात असू नये, आणि प्रत्येक मुलाची याबाबत आधी तपासणी व्हावी. कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये साठवू नयेत. केवळ हालचाल ओळखून ती पुसली जावीत. आपल्या देशात २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. कायदा नसता तरी आम्ही हीच मागणी केली असती.

तिसरी गोष्ट उपकरणांच्या आयुष्याची. ज्या किनेक्टचा उल्लेख केला, त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. इमारत पन्नास वर्षे टिकते, पलंग वीस वर्षे टिकतो. संवेदक सात-आठ वर्षांत कालबाह्य होऊ शकतो. दारावर दात्यांच्या नावाची पाटी आणि आत बंद पडलेले यंत्र, अशी स्थिती कोणाच्याही औदार्याला शोभणारी नाही. म्हणून देणगीचा एक भाग कायमनिधी म्हणून ठेवावा. त्याच्या व्याजातून दुरुस्ती होईल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कक्षात पूर्णवेळ एक प्रशिक्षित ताई किंवा दादा नेमता येईल. आधी म्हटल्याप्रमाणे गट बांधण्याचे काम यंत्र करीत नाही. कोणाला कोणाबरोबर उभे करायचे, कोण रुसले आहे, कोणाला आज राज्य द्यायला हवे, हे माणसालाच कळते. निधी अपुरा पडणार असेल, तर एक संवेदक कमी बसवावा, परंतु हे माणूस कमी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वीज गेली तर तीच ताई मुलांना ओसरीवर बसवून चेंडूचा खेळ मांडू शकेल.

कक्ष चांगला चालला आहे की नाही हे मंडळाने कसे ओळखावे? किती मुले येऊन गेली ही संख्या आम्ही अहवालात देऊच. परंतु त्यासोबत तीन प्रश्नांची उत्तरे दरवर्षी द्यावीत, असे आम्ही ठरवले आहे. खेळताना मूल पडद्याखेरीज दुसऱ्या मुलाकडे पाहते का? एक मूल उठून गेले तर बाकीच्यांना त्याची उणीव भासते का? आणि प्रत्येक मुलावर कधी ना कधी राज्य येते का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर देणगी सत्कारणी लागली असे समजावे.

पालकांना शेवटी एक विनंती. कक्ष तयार होईल तेव्हा आपण दाराबाहेर थांबू नये. आत यावे, मुलाला धरावे, आणि आपणही खेळावे. ते दुसऱ्या मुलाशी भांडले तर लगेच सोडवायला धावू नये. ज्या मुलाशी कोणी भांडतच नाही, त्याला अजून खेळात खरी जागा मिळालेली नसते. आणि कक्षाची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही. आज घरी गेल्यावर अंगणातल्या खेळात त्याला घ्यायला शेजारच्या मुलांना सांगावे, आणि त्याच्यावर राज्य आले तर ते त्याला घेऊ द्यावे.

स्नेही कुटुंबाने पुढे केलेल्या हाताबद्दल विभाग त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे.